ऋत्विज म्हणायचं कसं, आणि हे नाव इतकं कमी का ऐकू येतं?

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं बारसं झालं. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, पाठीवर चार बुक्के खाल्ले आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ऋत्विज!"

मागून शेजारच्या आजींनी विचारलं, "काय ठेवलं गं? ऋतुजा?"

"नाही हो आजी, मुलगा आहे ना. ऋत्विज."

"म्हणजे ऋत्विक?"

"जवळपास तेच," मी म्हणाले, आणि घुगऱ्या वाटायला निघून गेले.

ते "जवळपास तेच" नंतर माझ्या मागेच लागलं. लसीकरणाच्या कार्डावर नाव आलं "रिटविज". पाळणाघराच्या वहीत "हृत्विज". पहिल्या वाढदिवसाच्या आधी केकचा नमुना फोनवर आला, त्यावर क्रीमने "ऋत्वीज" लिहिलं होतं. आणि जन्माच्या नोंदीत तर नाव घालायचंच राहिलं होतं. ते घालायला निघालो तेव्हा घरात इंग्रजी स्पेलिंगवरून पाच जणांची पाच मतं निघाली. बहीण म्हणाली, "ताई, तूच काय ते एकदाचं शोधून सांग." तेव्हा मी व्याकरणाची पुस्तकं काढून बसले. जे हाती लागलं ते इथे मांडते आहे, कारण हे नाव ठेवावंसं वाटणाऱ्या आणि उच्चाराच्या धास्तीने मागे फिरणाऱ्या आईबाबांना त्याचा उपयोग होईल.

आधी अर्थ. नावांच्या याद्यांमध्ये "ज्ञानी", "ऋषी", "विद्वान" असे मोघम शब्द दिलेले दिसतात. ऋत्विज् या शब्दाचा नेमका अर्थ आहे यज्ञ करणारा पुरोहित. यज्ञाचा खर्च आणि संकल्प ज्याचा, तो यजमान. त्याने निवडून आणलेले आणि प्रत्यक्ष कर्म करणारे ते ऋत्विज. मुख्य चार: ऋग्वेदाच्या ऋचा म्हणणारा तो "होता", यजुर्वेदाप्रमाणे हातांनी सगळी कृती करणारा अध्वर्यू, साम गाणारा उद्गाता, आणि गप्प बसून कुठे चूक होत नाही ना हे पाहणारा ब्रह्मा. मोठ्या सोमयागात या प्रत्येकाला तीन-तीन साहाय्यक, म्हणजे एकूण 16 ऋत्विज. त्यांच्यातल्या काहींची पदनामं ऐकायलाच सुंदर आहेत: मैत्रावरुण, नेष्टा, प्रतिहर्ता, सुब्रह्मण्य.

शब्दाची फोड अशी: ऋतु + यज्. ऋतू म्हणजे ठरलेला काळ, यज् म्हणजे यजन करणं. योग्य वेळी यजन करतो तो ऋत्विज. यज् धातू आपल्या बोलण्यात रोज असतो: यज्ञ, याग, याजक, यजुर्वेद, आणि घरचे यजमान सुद्धा. पण मग "ऋतुयज्" न होता "ऋत्विज्" का झालं? संस्कृतात काही ठिकाणी य आकसून त्याचा इ होतो. यज् वरून "इष्टी" आणि "इज्या" हे यज्ञवाचक शब्द असेच बनले. तसंच इथे यज् चा इज् झाला. ऋतु + इज् म्हटलं की उ आणि इ शेजारी येतात, उ चा व् होतो, जसं सु + आगत म्हणजे स्वागत. झालं ऋत्विज्. वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या निरुक्ताचा कर्ता यास्क याने "ऋतुयाजी" ही व्युत्पत्ती दिली आहेच, शिवाय शाकपूणी नावाच्या जुन्या आचार्याचं मतही नोंदवलं आहे की ऋचांनी यजन करतो म्हणून ऋत्विज. म्हणजे या शब्दाचा अर्थ लावायची खटपट दोन हजार वर्षांपूर्वीही चाललेली होती.

आणि हा शब्द भेटतो कुठे? ऋग्वेदाच्या 1028 सूक्तांपैकी पहिल्या सूक्ताच्या पहिल्याच ऋचेत.

अग्निमीळे पुरोहितं यज्ञस्य देवमृत्विजम् । होतारं रत्नधातमम् ॥

इथे ऋत्विज म्हणजे अग्नी. देवांचं आवाहन करणारा, माणसांच्या वतीने आहुती पोचवणारा पुरोहित म्हणून त्याची स्तुती आहे. "देवमृत्विजम्" हा शब्द मी शाळेत पाठांतरात कितीदा म्हटला होता, पण त्यात ऋत्विजम् दडलेलं आहे हे मला भाच्याच्या बारशानंतर उमगलं.

ऋत्विज की ऋत्विक?

आजींचा प्रश्न खरं तर फार अचूक होता. ऋत्विज आणि ऋत्विक ही दोन नावं नाहीत, एकाच शब्दाची दोन रूपं आहेत.

संस्कृतात शब्दाच्या अगदी शेवटी च् किंवा ज् आला, पुढे स्वर नसला, की तो बहुधा बदलतो. वाच् चा वाक् होतो, म्हणून आपण वाक्प्रचार म्हणतो. पण पुढे स्वर आला की च परत दिसतो, म्हणून वाचा आणि वाचन. वणिज् चा वणिक् होतो, आणि वाणिज्य म्हणताना ज परत येतो. वैद्य या अर्थाच्या भिषज् चा भिषक् होतो. त्याच वाटेने ऋत्विज् हा शब्द एकटा, कर्ता म्हणून उभा राहिला की ऋत्विक् होतो, आणि "देवमृत्विजम्" मध्ये पुढे "अम्" आला की ज जागेवर राहतो.

यात एक गाठ आहे, आणि मला ती फार आवडली. यज् आणि राज् या धातूंच्या ज् चा शेवटी क् होत नाही, ट् होतो. सम्राज् चं सम्राट् झालं ते त्याच नियमाने. त्या हिशेबाने ऋत्विज् चं "ऋत्विट्" व्हायला हवं होतं. पण लोक म्हणत होते ऋत्विक्. म्हणून पाणिनीने असे वेगळे वागणारे शब्द एका सूत्रात नावानिशी गोळा केले, आणि ते सूत्र सुरूच होतं ऋत्विक् या शब्दाने: "ऋत्विग्दधृक्स्रग्दिगुष्णिगञ्चुयुजिक्रुञ्चां च". अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादात, 59 वं. एखाद्या नावाच्या शेवटच्या अक्षरासाठी पाणिनीला खास सोय करावी लागली, ही गोष्ट त्या मुलाला मोठेपणी सांगण्यासारखी आहे.

मराठी सहसा संस्कृतातून कर्त्याचं, म्हणजे प्रथमेचं रूप उचलते. राजन् नाही, राजा. पितृ नाही, पिता. विद्वस् नाही, विद्वान. त्या रिवाजाने ऋत्विक हे रूप जास्त सरळ, आणि भारतभर तेच अधिक चालतं. बंगालमध्ये तर हे नाव शंभर वर्षांपूर्वीही होतं. चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक 1925 साली ढाक्यात जन्मले. बंगालीत ते लिहितात ऋत्विक आणि म्हणतात साधारण "रित्तिक", कारण बंगाली उच्चारात जोडाक्षरातला व स्वतः गळतो आणि आधीच्या व्यंजनाला दुप्पट करून जातो.

मग ऋत्विज हे रूप चूक का? मुळीच नाही. तो मूळ शब्द आहे, ज्याला व्याकरणात प्रातिपदिक म्हणतात. मला स्वतःला ऋत्विजच जास्त भावतं, कारण त्यात यज् मधला ज ऐकू येतो, नावाचा अर्थ नावातच राहतो. शेवटचा पाय मात्र मोडायचा नाही. मराठीत व्यंजनान्त शब्द आपण पाय न मोडता लिहितो: सम्राट, विद्वान, कदाचित. तसंच ऋत्विज.

ऋ: रि म्हणू की रु म्हणू?

सगळ्यात जास्त वाद याच अक्षराचा. मराठी घरात "रुत्विज", हिंदी भाषकाच्या तोंडी "रित्विज". क्रिकेटची हिंदी समालोचनं ऐकणाऱ्यांना ऋतुराज गायकवाडचा "रितुराज" झालेला ओळखीचा असेल. अशा वेळी आपल्याला वाटतं की समोरचा चुकतो आहे. त्यालाही आपल्याबद्दल तेच वाटत असतं.

ऋ हा स्वर आहे, आणि हे नुसतं वर्णमालेत बसवायचं म्हणून नाही. तो वागतोही स्वरासारखाच. सप्त + ऋषी म्हणजे सप्तर्षी, महा + ऋषी म्हणजे महर्षी. दोन स्वर शेजारी आले की संधी होतो, तसा इथे झाला. नैर्ऋत्य हा शब्द नीट पाहा. नैर्ऋत्य मोसमी वारे आपण दर पावसाळ्यात वाचतो. त्यात ऋ च्या डोक्यावर रफार आहे. ऋ म्हणजे नुसता "रु" असता तर त्याच्यावर आणखी एक र चढवायची गरज काय होती? बरेच जण तो रफार गाळून लिहितात, पण मूळ शब्द निर्ऋती या देवतेवरून आला आहे आणि तिच्या नावात र् आणि ऋ दोन्ही आहेत.

हा स्वर मुळात कसा ऐकू येत असेल? प्रातिशाख्यांमध्ये, म्हणजे वेदपठणाच्या उच्चारशास्त्रात, असं वर्णन आहे की ऋ च्या मध्यभागी र असतो आणि दोन्ही बाजूंना स्वराचा पुसटसा अंश. जीभ र साठी कंप पावत राहते आणि तो कंपच स्वराचं काम करतो. पुढे इ नाही, उ नाही. आपल्याला हे अवघड वाटतं, पण युरोपातल्या काही भाषांत हा स्वर आजही जिवंत आहे. क्रोएशियात एक बेट आहे, त्याचं नाव क्, ऋ, क् एवढंच: "कृक्". चेक लोकांचं मोठं शहर "बृनो" असंच बोललं जातं. चेक, सर्बियन, क्रोएशियन या भाषांत मृत्यूला शब्द आहे "स्मृत्", स्मृतीशी काही नातं नसलेला. तो आपल्या मृत्यूच्याच कुळातला आहे. तो शब्द एखाद्या चेक माणसाच्या तोंडून ऐकला की ऋ म्हणजे काय ते कानाला लगेच कळतं.

आपल्याकडे मात्र लोकांच्या बोलीतून ऋ फार लवकर गेला. पालीत आणि प्राकृतांत तो नाहीच. त्याच्या जागी कुठे अ आला, कुठे इ, कुठे उ. मराठी आणि हिंदी शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट दिसतं. पृष्ठ वरून आपली पाठ आली, हिंदीची पीठ. मृत्तिकेवरून आपली माती, हिंदीची मिट्टी. तृणावरून आपलं तण, हिंदीचा तिनका. एकाच ऋ ची दोन घरांत दोन रूपं झाली. म्हणजे आज संस्कृत शब्द वाचताना आपण जो "रु" म्हणतो तो परंपरेने कानोकानी आलेला मूळ उच्चार नाही. अक्षर पोथीत राहिलं, आवाज हरवला, आणि मग प्रत्येक प्रांताने त्या अक्षराला जवळचा वाटेल तो आवाज दिला. महाराष्ट्र, गुजरात, ओडिशा, कर्नाटक, आंध्र इथे रु. हिंदी पट्ट्यात आणि बंगालमध्ये रि.

म्हणून मी आता कुणाची चूक काढत नाही. मराठीत बोलताना रुत्विज म्हणावं, कारण आपण ऋण, ऋतू, कृपा, अमृत हे सगळे त्याच वळणाने म्हणतो. अथर्वशीर्षात "ऋतं वच्मि" म्हणताना घराघरांत "रुतं" च ऐकू येतं. फक्त तो उ ओझरता ठेवावा. "रूत्विज" असा लांबवला की नाव जड होतं. आणि लखनौच्या माणसाने रित्विज म्हटलं तर तो त्याच्या भाषेत बरोबर आहे.

लिहिताना मात्र "रुत्विज" नको. ऋ लिहिला की वाचणाऱ्याला शब्दाचं मूळ कळतं. संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक वापरत असाल तर बरोबरच्या चिन्हाची कळ शिफ्टसह दाबली की ऋ उमटतो. एक गंमतही होते: मराठी हजेरीपटात स्वर आधी येतात म्हणून ऋत्विज वरच्या चार-पाच मुलांत असतो, आणि इंग्रजी हजेरीपटात आर म्हणून खाली जातो.

बाकीची दोन अक्षरं

त्वि कडे फार वेळ देण्याची गरज नाही. तोडायचं कुठे एवढंच: रुत्, विज. मराठी बोलण्यात जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येतो, म्हणून त् थोडा दाबून म्हटला जातो. ते ऐकून काही जण तत्त्व, सत्त्व, महत्त्व यांच्यासारखे दोन त लिहितात. त्या शब्दांत दोन त आहेत कारण मुळात एक त् आहे आणि त्याला "त्व" प्रत्यय लागला आहे. ऋतु + इज् मध्ये त एकच, म्हणून ऋत्विज मध्येही एकच.

केकवरच्या "ऋत्वीज" चं कारणही समजण्यासारखं आहे. मराठीत शेवटचा अ आपण बोलत नाही, आणि त्याच्या आधीचा इ किंवा उ आपोआप लांबतो. गणित आपण "गणीत" असंच म्हणतो, विष "वीष", गुण "गूण". म्हणून मराठमोळ्या शब्दांत तो दीर्घच लिहितात: खीर, जमीन, फूल. पण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मूळ ऱ्हस्व-दीर्घाप्रमाणे लिहावेत, असा शुद्धलेखनाचा नियम आहे. म्हणून गणित, विष, गुण ऱ्हस्व, आणि ऋत्विजही ऱ्हस्व. बोलताना थोडा लांबला तर लांबू द्या.

खरी मेख शेवटच्या ज मध्ये आहे, आणि ती फक्त आपल्या मराठी माणसांची आहे. मराठीत ज दोन. एक जिभेचं टोक दातांशी नेऊन म्हणायचा: जहाज, जाड, लाज, माज. दुसरा जीभ टाळूला लावून: जन्म, जीवन, समाज, तेज. लिहिताना अक्षर एकच, त्यामुळे कुठला म्हणायचा हे वाचणाऱ्याने ओळखायचं. खिडकीचा गज आणि गजराजातला गज म्हणून पाहा, जीभ जागा बदलते. भाऊबीज आणि बीजगणित म्हणून पाहा. काजळ आणि कज्जल. नियम असा दिसतो की संस्कृतातून तसाच आलेला शब्द असेल तर ज टाळूचा.

आता ऋत्विज. त्याचा दुसरा तुकडा "विज" आपल्या कानाला आकाशातल्या विजेसारखा लागतो, आणि वीज म्हणताना आपला ज दातांचा असतो. म्हणून घाईत "रुत्वीज़" असा उच्चार होतो. मी स्वतः दोन महिने तसंच म्हणत होते. तो ज विजेचा नाही, यजमानातला आहे, हे एकदा डोक्यात बसलं की जीभ आपोआप टाळूकडे जाते. "यज" म्हणा, मग "इज", मग "विज", मग पूर्ण नाव. आजींना मी असंच सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा उच्चार माझ्यापेक्षा चांगला होता.

हे नाव खरंच इतकं विरळ आहे का?

अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन दरवर्षी नवजात मुलांच्या नावांची मोजदाद जाहीर करतं, 1880 पासूनची. एखाद्या वर्षी किमान 5 मुलांना दिलेलं नाव असेल तरच ते त्या यादीत येतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये हीच मर्यादा 3 आहे. आपल्याकडे जन्मनोंदणी होते, पण कुठलं नाव किती मुलांना ठेवलं याची अशी सरकारी यादी दरवर्षी निघत नाही. म्हणून मराठीत "यंदाची सर्वांत लोकप्रिय नावं" असं काही वाचनात आलं की त्यामागे मोजणी कसली आहे हे आधी पाहावं. बहुतेकदा ती संकेतस्थळावर नाव शोधणाऱ्यांची असते, ठेवणाऱ्यांची नाही.

शिवाय अशा याद्यांत नाव मोजलं जात नाही, स्पेलिंग मोजलं जातं. अमेरिकेच्या यादीत एका अक्षराचा फरक असला तरी ते वेगळं नाव धरतात. आता आपल्या नावाकडे पाहा. ऋ साठी आर-यू किंवा आर-आय, त्याच्या आधी कुणी एच लावतो. त साठी नुसता टी किंवा टी-एच. व साठी व्ही किंवा डब्ल्यू. शेवटी जे किंवा के, आणि के च्या आधी कधी सी. एवढे पर्याय एकमेकांशी गुणले तर एका शब्दाची पन्नासच्या आसपास स्पेलिंगं होतात. ज्या नावाचं स्पेलिंग एकच, त्याची सगळी मुलं एका ओळीत मोजली जातात. ऋत्विज इतक्या ओळींत विखुरतो. तो जितका विरळ आहे त्याहून जास्त विरळ दिसतो.

तरीही तो कमी ऐकू येतो हे खरंच, आणि त्याला काही कारणं आहेत असं मला वाटतं. एक तर हे पदाचं नाव आहे, देवाचं नाही. आपल्याकडे मुलांची नावं ठेवताना विष्णू, शिव, गणपती यांच्या सहस्रनामांकडे हात आधी जातो. ऋत्विज त्या वाटेवर सहज भेटत नाही. दुसरं म्हणजे जानेवारी 2000 मध्ये हृतिक रोशनचा नायक म्हणून पहिला चित्रपट आला आणि ते नाव रातोरात घराघरांत पोचलं. तेव्हापासून "रुत्वि..." एवढं कानावर पडलं की ऐकणारा पुढचं स्वतःच पूर्ण करतो, हृतिक म्हणून.

पण नावांची लाट फक्त नटांमुळे येत नाही. स्टॅन्ली लिबरसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नावांच्या फॅशनचा बारकाईने अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं की लोकांना आधीच आवडलेल्या नावांच्या आवाजाशी जुळणारं, पण थोडं निराळं नाव पुढे सरकतं. आपल्याकडे ऋचा, ऋतुजा, ऋजुता या मुली झाल्या, ऋतुराज, ऋग्वेद ही मुलं आली. ऋ ने सुरू होणाऱ्या नावाला कान आता सरावला आहे. त्या ओळीत ऋत्विज सहज बसतो, आणि पुढच्या काही वर्षांत तो जास्त ऐकू आला तर मला नवल वाटणार नाही.

स्पेलिंग एकदाच, पण नीट

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चा आहे. बाळाची नोंद नावाशिवाय करता येते. नंतर 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदार यादी अशा कामांना जन्माचा दाखलाच आधार धरला जातो. म्हणजे या दाखल्यावर जे स्पेलिंग पडलं तेच पुढे सगळीकडे उतरत जाणार. आधारवर नाव दुरुस्त करायची मुभा आयुष्यात दोनदाच आहे. महाराष्ट्रात दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतं, म्हणून देवनागरीही तितकीच काळजीपूर्वक तपासायची.

रोमन लिपीत ऋ नाही. अभ्यासक आर खाली टिंब देऊन लिहितात, पण पारपत्राच्या यंत्राने वाचायच्या ओळीत ए ते झेड एवढीच अक्षरं चालतात. कृष्णाचं स्पेलिंग महाराष्ट्रातही आर-आय ने होतं; भारतीय नावं रोमन लिपीत लिहायच्या इंग्रजी अमदानीतल्या हंटर साहेबांच्या पद्धतीतही ऋ साठी आर-आय च ठरलं होतं. पण मराठी मुलाच्या नावात आर-यू असावं असं माझं मत झालं, कारण स्पेलिंग वाचून परका माणूस जे म्हणेल ते घरात म्हणतात त्याच्या जवळचं असावं.

एच ला माझा ठाम नकार होता. हृषीकेश या नावात ह खरोखर आहे; हृषीक म्हणजे इंद्रियं आणि त्यांचा ईश तो हृषीकेश. ऋत्विज मध्ये ह कुठेच नाही. टी पुढे एच लावायची दक्षिणेतली रीत तिथल्या लोकांना सोयीची आहे, कारण ते नुसता टी ट साठी ठेवतात. आपल्याकडे मात्र तो एच पाहिला की माणूस "रुथ्विज" वाचतो. नुसत्या टी चा "रुट्विज" होण्याचा धोका आहे हे लसीकरणाच्या कार्डाने दाखवलंच होतं, पण तो एकदा बोलून दुरुस्त होतो. व्ही की डब्ल्यू यात मला फार फरक वाटला नाही. बहिणीने व्ही निवडला.

नोंदणी कार्यालयात आम्ही अकराव्या महिन्यात गेलो. अर्जावर बहिणीने आधी देवनागरीत लिहिलं, ऋत्विज, वि ऱ्हस्व, पाय न मोडता. मग खाली आर, यू, टी, व्ही, आय, जे. खिडकीतल्या बाईंनी संगणकात घातलं आणि पडदा आमच्याकडे वळवून म्हणाल्या, "बघून घ्या हो नीट, बरोबर आहे ना?" पडद्यावर "ऋत्वीज" होतं. बहिणीने काचेवर बोट ठेवलं. "ताई, तेवढी वेलांटी पहिली करा ना."

बाईंनी वेलांटी बदलली आणि पुन्हा वाचून दाखवलं, "रुत्विज." ज टाळूचा होता.